दोन धडांची नाव

घोडपदेवहून रे रोड स्टेशनचा पूल ओलांडून पूर्वेला उतरलं की दारूखाना लागतो. तोडलेल्या जहाजांचं सामान इथे रस्त्याकडेला विकायला मांडलेलं असतं: नांगर, जाड कड्यांच्या साखळ्या, वायररोप, पितळी खिडक्या, लाइफ जॅकेटं. त्याच्या पलीकडे चिखल आणि चिखलात शिरलेले धक्के. लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर. नावं ऐकली तरी तिथे काय उतरत होतं ते कळतं. या किनाऱ्याने प्रत्येक नावेला एकच प्रश्न विचारला: तुझ्यात माल किती मावतो?

या परीक्षेत नापास होणारी एक नाव आहे, शिडाची कॅटामरान. दोन अरुंद धडं, त्यांना जोडणारा रुंद मजला आणि मधोमध डोलकाठी. शिडावर संसार मांडून बंदरामागून बंदर करत हिंडणाऱ्या जोडप्यांची ती आज जगभर आवडती झाली आहे. आपल्या लोकांना मात्र कॅटामरान म्हटलं की गेटवेहून मांडव्याला जाणारी मोटर लाँच आठवते. ओंडका ओंडक्याला बांधून पाण्यावर जायचं, ही युक्ती या देशाच्या दोन्ही किनाऱ्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. तरीही तिच्यापासून तरंगतं घर घडवायचं काम दुसऱ्यांनी केलं. ते कसं झालं आणि आपल्याकडे का झालं नाही, हे शोधायचं तर आधी ही नाव तोल कसा सांभाळते ते पाहायला हवं.

नावेला उलटू न देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला वजनाचा. तळाशी शिसं किंवा लोखंड ठेवायचं. वाऱ्याने नाव कलली की ते वजन तिला परत उभी करतं. कोकणातले नाखवे रिकामं गलबत नेताना तळात दगड भरत, त्याला नीरम म्हणत. दुसरा मार्ग रुंदीचा. चौरंगाचे पाय लांब लांब असले की तो कलंडत नाही, तशी दोन धडं एकमेकांपासून दूर ठेवली की वजनाची गरजच उरत नाही. चाळीस-पंचेचाळीस फुटांच्या आजच्या कॅटामरानची रुंदी वीस-पंचवीस फूट असते आणि तिला तरंगायला चारेक फूट पाणी पुरतं. तेवढ्याच लांबीच्या एकधडी नावेला सहा-सात फूट खोली लागते, आणि वारा भरला की ती इतकी कलते की चुलीवरचं भांडं बांधून ठेवावं लागतं. कॅटामरानच्या मजल्यावर चहाचा कप ठेवलेल्या जागी राहतो. दोघांनी महिनोन्महिने पाण्यावर राहायचं ठरवलं तर या फरकाला फार मोल आहे: झोप होते, स्वयंपाक होतो, आणि पहाऱ्यावरचा माणूस सुकाणू सांभाळत असताना दुसऱ्याला खरोखर विश्रांती मिळते.

या रुंदीची आपल्याकडची सर्वांत साधी आवृत्ती म्हणजे सांगड. दोन भोपळे, दोन ओंडके किंवा दोन होड्या एकत्र बांधायच्या आणि नदी उतरायची. पूल नसलेल्या महाराष्ट्रात पावसाळ्यातली नदी ओलांडण्याचा हा खात्रीचा उपाय होता. समुद्रावरही तेच तत्त्व चाललं. पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तकात आपल्या कल्याणचा आणि चौलचा उल्लेख आहे. पुढे पूर्व किनाऱ्याचं वर्णन करताना तो लेखक ओंडके एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नावांची नोंद करतो आणि त्यांना ‘संगारा’ म्हणतो. त्याच किनाऱ्यावरचं कट्टुमरम म्हणजे काथ्याच्या दोरीने बांधलेले तीन-चार-पाच ओंडके. फुटणारी लाट त्याच्या फटींतून निघून जाते, त्यामुळे ते बुडत नाही. किनाऱ्याला लागल्यावर ओंडके सोडवून वाळत घालता येतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉमस बौरी आणि विल्यम डॅम्पियर या इंग्रज खलाशांनी ते पाहिलं आणि त्याचं नाव युरोपात नेलं. पुढे हेच नाव दोन धडांच्या नावेला चिकटलं. कट्टुमरमला मात्र दोन धडं नव्हती. ते तराफ्याच्या कुळातलं.

दोन धडांच्या नावेचं रक्ताचं नातं आपल्या किनाऱ्यावर शोधायचं तर मालवण-वेंगुर्ल्याकडे जावं लागतं. तिथून गोवा-कारवारपर्यंत उलांडीची होडी दिसते. कोरून किंवा फळ्या जोडून केलेली अरुंद होडी, तिच्यातून एका बाजूला बाहेर काढलेले दोन वासे आणि वाशांच्या टोकाला पाण्यावर टेकलेला हलक्या लाकडाचा ओंडका. हा ओंडका म्हणजे उलांडी. रापण लावताना जाळ्याच्या ओझ्याने होडी एका अंगाला ओढली जाते, तेव्हा उलांडी तिला सावरते. मद्रास सरकारच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये भारतीय नावांच्या घडणीवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. आपल्या किनाऱ्यावरच्या अशा होड्यांचं नातं त्यांनी आग्नेय आशियातल्या आणि पॅसिफिकमधल्या दर्यावर्दी लोकांशी जोडलं. त्यांतल्या आग्नेय आशियातल्या लोकांनी हिंद महासागर ओलांडून मादागास्कर वसवलं, हे आता भाषाशास्त्र आणि जनुकशास्त्र दोन्ही सांगतात. जावामधल्या बोरोबुदुरच्या शिल्पांत उलांडी लावलेली मोठी शिडाची जहाजं कोरलेली आहेत, ती आठव्या-नवव्या शतकातली.

उलांडीच्या जागी दुसरी तेवढीच मोठी होडी बांधली की जोडनाव होते. हे पाऊल पॅसिफिकच्या बेटांवर पडलं आणि तिथेच ती नाव पहिल्यांदा घर झाली. पॉलिनेशियन कुटुंबं बायकामुलं, डुकरं, कोंबड्या, टारो आणि सुरणाची रोपं घेऊन शेकडो कोस दूरच्या, कधीही न पाहिलेल्या बेटांकडे निघत. न्यूझीलंडमध्ये माणूस पोहोचला तो तेराव्या शतकात, अशाच नावांतून. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं. नाव खिळ्यांनी ठोकलेली नसून नारळाच्या काथ्याने बांधलेली होती, त्यामुळे लाटेवर ती थोडी लवे आणि म्हणून तुटत नसे. अठराव्या शतकात कॅप्टन कुकबरोबरच्या चित्रकारांनी या जोडनावा कागदावर उतरवल्या.

त्याच्या शंभर वर्षं आधी युरोपातल्या एका माणसाला हीच कल्पना सुचली होती. विल्यम पेटी हे अर्थशास्त्राच्या इतिहासात मोठं नाव. त्यांनी १६६२ पासून डब्लिनमध्ये दोन तळांच्या नावा बांधायला सुरुवात केली. डिसेंबर १६६४ मध्ये त्यांची सर्वांत मोठी नाव पाण्यात उतरली तेव्हा दुसरा चार्ल्स राजा हजर होता आणि ‘एक्सपेरिमेंट’ हे नाव त्यानेच ठेवलं. हा तोच राजा, ज्याला पोर्तुगीज राजकन्येबरोबरच्या लग्नाच्या तहात मुंबई मिळाली. फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याच्या माणसांनी मुंबईचा ताबा घेतला आणि त्याच वर्षी ‘एक्सपेरिमेंट’ समुद्रात बुडाली. तिच्याबरोबर युरोपातला या नावेवरचा विश्वासही दोनशे वर्षं बुडाला. १८७६ मध्ये अमेरिकेत नथॅनियल हेरेशॉफ यांनी ‘अमॅरिलिस’ नावाची कॅटामरान न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिने सगळ्यांना मागे टाकलं, आणि हरलेल्यांच्या तक्रारीवरून अशा नावांना शर्यतीतून बाद करण्यात आलं.

दोन धडांची नाव शर्यतीतून सुटून पुन्हा घराकडे वळली ती विसाव्या शतकात. एरिक द बिशप या फ्रेंच माणसाने हवाईमध्ये ‘कैमिलोआ’ ही जोडनाव बांधली आणि १९३७-३८ मध्ये एका सोबत्यासह केप ऑफ गुड होपला वळसा घालून ती फ्रान्समध्ये नेली. त्याचं पुस्तक जेम्स व्हॅरम या इंग्रज तरुणाच्या हाती पडलं. व्हॅरमने जुजबी पैशांत साडेतेवीस फुटांची ‘टांगारोआ’ बांधली. १९५५ मध्ये तो रूथ आणि युटा या दोन जर्मन तरुणींना घेऊन निघाला आणि अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोहोचला. युटाचा मुलगा तिथेच जन्मला. तिथे बांधलेल्या दुसऱ्या, चाळीस फुटी नावेतून १९५९ मध्ये ही मंडळी उत्तर अटलांटिक ओलांडून परत आली. व्हॅरमने पुढे आयुष्यभर साध्या माणसाला स्वतः बांधता येतील अशा कॅटामरानचे आराखडे विकले. त्याच्या अनेक नावांत दोन धडांना जोडणाऱ्या तुळया आजही दोरानेच बांधतात. पॅसिफिकची ती लवचीक गाठ त्याने मुद्दाम राखली.

यानंतर या नावेच्या कहाणीत कुटुंबं ठळक होत जातात. न्यूझीलंडमध्ये वाढलेले डॉक्टर डेव्हिड लुईस यांनी १९६४ मध्ये ‘रेहू मोआना’ ही कॅटामरान घेऊन निघताना पत्नी फिओना आणि दोन लहान मुलींसह जगप्रदक्षिणा करायचं ठरवलं होतं. १९६७ मध्ये ती पूर्ण झाली. कॅटामरानने केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. वाटेत ताहिती ते न्यूझीलंड हे अंतर लुईस यांनी उपकरणांशिवाय, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या खुणांवर कापलं, कारण पॉलिनेशियन दर्यावर्द्यांना हे साधत होतं हे त्यांना सिद्ध करायचं होतं. १९७१ ते १९७३ या काळात रोझी आणि कॉलिन स्वेल हे ब्रिटिश जोडपं ‘अ‍ॅनेलिझ’ या तीस फुटी कॅटामरानवर राहिलं. धाकटं मूल नावेवरच जन्मलं होतं. दोन्ही मुलांना घेऊन ते ऑस्ट्रेलियापर्यंत गेले आणि येताना केप हॉर्नला वळसा घालून घरी पोहोचले. दोन माणसं, मुलं, पुस्तकं आणि पिण्याचं पाणी घेऊन शिडावर राहता येतं, ही गोष्ट अशा घरांनी जगाला पटवली. मग फायबरग्लास आलं, कारखाने आले, सौर पॅनल आणि डिसॅलिनेटर आले, आणि स्वतः नाव बांधण्याची हिंमत नसलेल्या जोडप्यांनाही हे आयुष्य हाताशी आलं.

हीच युक्ती ठाऊक असताना आपला किनारा या वाटेने का गेला नाही, याचं उत्तर मला घोडपदेवच्या पूर्वेकडच्या बंदरांत दिसतं. कोकणचं जहाजीपण मालवाहतुकीवर उभं होतं. पडाव, मचवा, फत्तेमारी, गलबत यांच्या पोटात तांदूळ, मीठ, नारळ, चिरे, लाकूड, मंगळुरी कौलं भरली की तो मालच नीरम होत असे. नाव जितकी भरलेली तितकी ती स्थिर. कॅटामरानचं उलटं आहे. तिची अरुंद धडं ओझ्याने खोल बसतात, लाटा मधल्या मजल्याच्या तळावर आदळू लागतात आणि तिचा वेग व सुख दोन्ही जातं. ज्या किनाऱ्यावर नावेचा मालक भाड्याच्या खंडीवर पोट भरत होता, तिथे रुंद आणि हलकी नाव कुणी बांधली नाही, यात शहाणपणच होतं. उलांडी मासेमाराच्या होडीपुरती राहिली, कारण तिथे ओझं जाळ्याचं होतं आणि रोज संध्याकाळी घरी परतायचं होतं.

मालाच्या या हिशोबानेच घोडपदेवचा भूगोल बदलला. माझगाव ते शिवडी भराव घालून पोर्ट ट्रस्टने १९१२ च्या सुमारास ५८३ एकर नवी जमीन तयार केली. कुर्ला ते रे रोड हार्बर रेल्वे १२ डिसेंबर १९१० ला सुरू झाली. किनारा पूर्वेला सरकला आणि वखारी, गोदामं, रेल्वेचे रूळ मध्ये आले. गोदीत आणि गिरणीत काम करणारी कोकणी माणसं बोटीनेच मुंबईत उतरली होती. तीच घोडपदेवात राहू लागली, तेव्हा समुद्र त्यांच्यासाठी कामाची जागा झाला होता. शेजारच्या माझगाव गोदीचा आरंभ १७७४ चा. आज तिथे युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात. नावबांधणीचं इतकं कसब असलेल्या या भागात शिडाची नाव राहायचं घर म्हणून कुणाच्या मनात आली नाही, कारण नावेने कमवायचं असतं हे इथलं व्यवहारज्ञान होतं.

वजनाच्या मार्गाने मुंबईने मोठं यश मिळवलं, हे विसरता कामा नये. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर अधिकारी असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ कुलाब्याच्या कार्यशाळेत सागवानातून घडली आणि १९६४ मध्ये नारळ फोडून पाण्यात उतरली. बत्तीस फुटांची, एका धडाची, तळाला लोखंडाचं वजन. १९६८-६९ मध्ये तिच्यातून एकट्याने कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले ठरले. त्यांना ३१२ दिवस लागले. त्याच नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९९४ मध्ये पीटर ब्लेक यांच्यासह ‘एन्झा’ या मोठ्या कॅटामरानमधून पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ७४ दिवसांत. मुंबईत बांधलेली वजनदार नाव आणि पॅसिफिकच्या वंशातली रुंद नाव, दोन्हींची ताकद एकाच माणसाच्या आयुष्यात समोरासमोर दिसते.

वजनाच्या नावेचा मोठेपणा संकटात कळतो. ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंद महासागरातल्या वादळात पूर्ण उलटली. डोलकाठ्या मोडल्या, पण तळाच्या वजनाने ती पुन्हा सरळ झाली, आणि पाठीला गंभीर दुखापत झालेले तिचे नाविक अभिलाष टॉमी तीन दिवसांनी वाचवले गेले. कॅटामरान एकदा पालथी पडली की उठत नाही. ज्या जोडप्याला ही नाव घ्यायची आहे त्याने ही गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. तिचं संरक्षण वादळात लढण्यात नसून वेळीच शीड कमी करण्यात आणि हवामान पाहून बंदर गाठण्यात आहे. म्हणूनच ती किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणाऱ्यांना अधिक मानवते.

आणि आपला किनारा तिला मानवण्यासारखा आहे. दिवाळीनंतर समुद्र निवळतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर वायव्येकडून समुद्राचा वारा भरतो. दक्षिणेला जाताना दुपारचा वारा पाठीशी असतो. परतताना मात्र पहाटेच्या मतलईवर भिस्त ठेवून थोडं थोडं अंतर कापावं लागतं. मासेमार आणि गलबतवाले पिढ्यान्‌पिढ्या याच वेळापत्रकाने चालले. रेवदंडा, राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं एकेका दिवसाच्या पल्ल्यावर आहेत. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, तिथे सात फूट खोलीची नाव भरतीची वाट पाहत बाहेर थांबते आणि चार फुटांची आत शिरते. ओहोटीला चिखलावर सरळ बसायचं, तळ घासायचा, भरतीला निघायचं, हेही कॅटामरानला जमतं. भरती-ओहोटीचा असा उपयोग विजयदुर्गाजवळ गिर्ये इथल्या आंग्र्यांच्या गोदीत मोठ्या प्रमाणावर होत होता. जूनमध्ये पाऊस लागला की नाव वर काढायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुढचा विचार करायचा.

कमी आहे ती जागेची. गेटवेसमोर खासगी नावा नांगरावर उभ्या असतात. पाणी, वीज, डिझेल देणारा आणि कचरा घेणारा साधा धक्का मुंबईत आजही सहज मिळत नाही. मोटरच्या कॅटामरानने मात्र आपली जागा मिळवली आहे. मांडव्याची सेवा सर्वांच्या परिचयाची आहे, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये भाऊच्या धक्क्याशेजारच्या टर्मिनलवरून बेलापूरकडे वॉटर टॅक्सी सुरू झाली तिच्या ताफ्यातही कॅटामरान होती. दोन धडांवरचा मजला स्थिर असतो, हे आपल्या प्रवाशांनी अनुभवाने मान्य केलं आहे.

बांधणारे हातही आहेत. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे रत्नाकर दांडेकर यांनी ‘म्हादेई’ बांधली आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला. दांडेकरांनीच बांधलेल्या ‘तारिणी’वर दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ पासून २९ मे २०२५ पर्यंत, मुक्काम धरून जवळजवळ आठ महिने, दोघीच जगाला वळसा घालून आल्या. आणि दांडेकरांच्याच कारखान्यात केरळच्या कारागिरांनी अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्याने शिवलेलं ‘कौंडिण्य’ जहाज तयार केलं, जे मे २०२५ मध्ये नौदलात सामील झालं. दोघांनी शिडावर महिनोन्महिने राहणं आणि नाव दोराने बांधणं, कॅटामरानच्या घराण्याच्या या दोन्ही विद्या आज आपल्या किनाऱ्यावर जिवंत आहेत. त्या एकत्र यायच्या बाकी आहेत.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या जमिनीचं पुढे काय करायचं याचे आराखडे होत आहेत. त्यात मोठ्या क्रूझ जहाजांना जागा आहे आणि ती असावीही. पण लकडी बंदर ते दारूखाना या पट्ट्यात लहान शिडाच्या नावांसाठी एक तरंगता धक्का, नाव ओढून वर काढायचा उतार आणि दुरुस्तीचं आवार हवंच. दारूखान्यातली माणसं साखळी, वायररोप आणि डिझेल इंजिन डोळे मिटून ओळखतात. या कामाला त्यांच्याइतके तयार हात दुसरीकडे मिळणार नाहीत. आणि रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बंदरांत पाहुण्या नावेसाठी चार-सहा बोयांची सोय झाली तर रत्नागिरीचं किंवा घोडपदेवचं एखादं जोडपं निवृत्तीनंतर, किंवा त्याआधीच, या किनाऱ्यावर शिडाने एक हंगाम काढू शकेल. त्यासाठी नाव परदेशी कारखान्यातलीच असावी लागत नाही. सांगड, उलांडी आणि काथ्याची गाठ ज्यांच्या वाडवडिलांनी वापरली, त्यांच्यासाठी तिचा आराखडा इथेच काढता येईल, आणि तो काढणाऱ्याला आपल्या बंदरांनी माल किती आहे हे न विचारता धक्क्याला लागू द्यावं.